किमो-रेडिएशन सुरू असताना चेहऱ्याला काय लावायचं आणि काय अजिबात लावायचं नाही?

कॅन्सरची ट्रीटमेंट सुरू झाली की केस गळणार, हे पेशंटला आणि घरच्यांना आधीपासून माहीत असतं. डॉक्टर सांगतात, सिनेमात पाहिलेलं असतं, शेजारच्या काकूंनाही ठाऊक असतं. चेहऱ्याच्या त्वचेबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या किमोनंतर चेहरा ओढल्यासारखा वाटायला लागतो. गालांवर पापुद्रे दिसतात, रंग काळवंडतो, वर्षानुवर्षं वापरलेला साबण अचानक झोंबायला लागतो. काहींच्या नाकावर, गालांवर आणि कपाळावर पुळ्यांचं पुरळ उठतं.

आणि मग सल्ले सुरू होतात. आत्या म्हणते बेसन-हळद लाव. मैत्रीण म्हणते मुलतानी माती. इंस्टाग्रामवर कुणीतरी दहा स्टेपचं कोरियन रुटीन दाखवत असतं. निरोगी त्वचेला यातल्या बऱ्याच गोष्टींनी फार तर चार दिवस खाज सुटेल. पण ट्रीटमेंट सुरू असताना त्याच गोष्टीने त्वचेला भेग पडून इन्फेक्शन होऊ शकतं आणि पुढच्या किमोची तारीख ढकलावी लागू शकते. दुसऱ्या बाजूला, चेहऱ्यावरचं पुरळ पाहून घाबरलेले काही पेशंट डॉक्टरांना न विचारता गोळीच बंद करतात. म्हणजे जे औषध जीव वाचवण्यासाठी आहे, तेच चेहऱ्यापायी थांबतं.

म्हणूनच या काळातलं स्किनकेअर हा ट्रीटमेंट वेळेवर पूर्ण होण्याचा एक भाग आहे. चांगली गोष्ट म्हणजे त्याला महागडं काही लागत नाही.

त्वचेला नेमकं होतं काय?

आपली त्वचा सतत नवी होत असते. सर्वात वरच्या थराच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि साधारण चार ते सहा आठवड्यांनी मृत होऊन गळून पडतात. या पेशी आणि त्यांच्यामधला स्निग्धांश मिळून एक भिंत तयार होते. पेशी म्हणजे विटा आणि स्निग्धांश म्हणजे सिमेंट. ही भिंत आतलं पाणी आत आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवते.

किमोथेरपीची बरीचशी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर आणि त्वचेचा तळाचा थरही याच गटात येतो. त्यामुळे नव्या विटा तयार होण्याचा वेग मंदावतो. तेलग्रंथी आणि घामग्रंथींचं कामही कमी होतं. भिंत पातळ होते, सिमेंट कमी पडतं, पाणी उडून जातं. परिणाम म्हणजे कोरडेपणा, खाज, जळजळ आणि जरा काही लावलं की झोंबणं.

ज्यांची त्वचा आधीपासूनच संवेदनशील आहे, ज्यांना एक्झिमा किंवा रोसेशियाचा त्रास आहे किंवा साध्या क्रीमनेही ज्यांचा चेहरा लाल होतो, त्यांना हा बदल लवकर आणि जास्त जाणवतो.

सगळ्यांना एकसारखाच त्रास होतो का?

नाही. शेजारच्या बेडवरच्या पेशंटचा उपाय आपल्याला का चालत नाही, याचं उत्तर इथेच आहे.

- किमोथेरपी : कोरडेपणा आणि काळवंडणं हे नेहमीचे परिणाम. फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल, कॅपेसिटाबिन, सायक्लोफॉस्फमाइड, ब्लिओमायसिन अशा औषधांनी काहींची त्वचा गडद होते. हा मळ नसतो, त्वचेतलं रंगद्रव्य वाढलेलं असतं. त्यामुळे घासून ते जात नाही. ट्रीटमेंट संपल्यावर काही महिन्यांत ते बहुतेकदा हळूहळू फिकं होतं. फाइव्ह-फ्लुरोयुरॅसिल आणि मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी ऊनही लवकर बाधतं.

- टार्गेटेड थेरपी : फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी दिल्या जाणाऱ्या जेफिटिनिब, एर्लोटिनिब अशा गोळ्या किंवा मोठ्या आतड्याच्या आणि डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठीचं सेटुक्सिमॅबसारखं इंजेक्शन. यात चेहऱ्यावर पुरळ येण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी वापरल्या जाणाऱ्या इमॅटिनिबमुळे डोळ्यांभोवती सूज येऊ शकते.

- स्टिरॉइड : उलटी आणि अ‍ॅलर्जी टाळण्यासाठी किमोसोबत डेक्सामेथासोन दिलं जातं. त्यामुळे एक-दोन दिवस चेहरा लालसर, गरम होऊ शकतो. ते जास्त दिवस घ्यावं लागलं तर चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसू शकतो आणि पुळ्याही येतात.

- हार्मोनची औषधं : ब्रेस्ट कॅन्सरनंतर वर्षानुवर्षं घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांमुळे चेहऱ्यातून गरम वाफा आल्यासारखं वाटतं, घाम येतो आणि त्वचा कोरडी पडते.

- इम्युनोथेरपी : यात अंगभर खाज, पुरळ आणि कधी पांढरे डाग येऊ शकतात. असं पुरळ घरी निस्तरायचं नसतं. शरीराची प्रतिकारशक्ती कशी वागतेय याची ती खूण असू शकते, म्हणून डॉक्टरांना ते लगेच कळायला हवं.

- रेडिएशन : ज्या भागावर किरणं दिली जातात, फक्त त्याच भागाच्या त्वचेवर परिणाम होतो. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरमध्ये तो भाग म्हणजे गाल, जबडा आणि मान. त्याबद्दल पुढे सविस्तर.

पिंपल्ससारखं दिसतं, पण ते पिंपल्स नाहीत

सर्वात जास्त गोंधळ होतो तो टार्गेटेड थेरपीमुळे येणाऱ्या पुरळाबद्दल. औषध सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत नाक, गाल, कपाळ, डोकं, छाती आणि पाठीच्या वरच्या भागावर लालसर, कधी पू भरलेल्या पुळ्या येतात. दिसायला अगदी कॉलेजच्या वयातल्या पिंपल्ससारख्या. पण यात ब्लॅकहेड्स-व्हाइटहेड्स नसतात आणि कारणही वेगळं असतं. ईजीएफआर नावाचं एक प्रथिन काही कॅन्सरच्या पेशींना वाढायला मदत करतं. ही औषधं तेच प्रथिन अडवतात. अडचण अशी की, हेच प्रथिन निरोगी त्वचेलाही लागतं. ते अडलं की त्वचेला सूज येते आणि पुरळ उठतं.

इथे मेडिकलमधून पिंपल्सची क्रीम आणून लावली की गाडी रुळावरून घसरते. बेंझॉइल पेरॉक्साइड, सॅलिसिलिक अ‍ॅसिड, रेटिनॉल हे घटक तेलकट त्वचा कोरडी करतात. इथे त्वचा आधीच कोरडी असते. त्यामुळे आग वाढते, पुरळ कमी होत नाही. पुळ्या फोडणं तर त्याहून धोक्याचं.

याबद्दल एक महत्त्वाचा अभ्यास २०१० मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी’मध्ये आला होता. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी पॅनिट्युम्युमॅब हे औषध घेणाऱ्या ९५ पेशंटचे दोन गट केले. एका गटाला पुरळ येण्याची वाट न पाहता सुरुवातीपासूनच मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सौम्य स्टिरॉइड क्रीम आणि डॉक्सिसायक्लिनची गोळी दिली. दुसऱ्या गटाला त्रास सुरू झाल्यावर उपचार दिले. पहिल्या सहा आठवड्यांत दुसऱ्या गटातल्या ६२ टक्के पेशंटना मध्यम किंवा तीव्र त्रास झाला. पहिल्या गटात हे प्रमाण २९ टक्के होतं.

यातल्या गोळ्या आणि स्टिरॉइड क्रीम डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घ्यायची नसतात. पण दोन गोष्टी यातून स्पष्ट होतात. एक, चार उपायांपैकी दोन, म्हणजे मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, कुणालाही घरी जमण्यासारखे आहेत. दोन, त्रास व्हायची वाट पाहू नये. असं औषध सुरू होणार असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं, “पुरळ येऊ नये म्हणून आधीपासून काय करायचं?”

आणखी एक गोष्ट. या औषधांमध्ये ज्यांना पुरळ येतं त्यांच्यावर औषधाचा परिणाम चांगला होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पुरळ आलं नाही म्हणजे औषध लागू पडत नाही, असा उलटा अर्थ मात्र काढायचा नाही. मुद्दा एवढाच की, पुरळ दिसलं म्हणून स्वतःहून गोळी बंद करू नये. डोस कमी करायचा, काही दिवस थांबायचं की तसंच चालू ठेवायचं, हे डॉक्टर ठरवतात. ते ठरवायला पुरळ त्यांना दिसलं पाहिजे. पहिल्या दिवसापासून मोबाईलवर फोटो काढून ठेवले तर ओपीडीत सांगणं सोपं जातं.

रोजचं रुटीन कसं असावं?

तीनच गोष्टी आहेत : सौम्य धुणं, ओलावा टिकवणं आणि उन्हापासून जपणं.

सकाळी : चेहरा कोमट पाण्याने धुवावा. कडक गरम पाणी त्वचेतला उरलासुरला स्निग्धांश काढून टाकतं. त्वचेचं नैसर्गिक पीएच साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतं. नेहमीच्या अंघोळीच्या साबणाचं पीएच बरेचदा ९ ते १० असतं. म्हणून साबणाऐवजी बिनवासाचं, फेस कमी करणारं सौम्य क्लिन्झर वापरावं. त्वचा फारच कोरडी असेल तर सकाळी नुसत्या पाण्याने धुतलं तरी चालतं. स्क्रब, लुफा, फेस ब्रश बाजूला ठेवायचे. अंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिक लिक्विड टाकायची अनेक घरांत सवय असते, तेही पाणी चेहऱ्याला नको.

चेहरा टॉवेलने घासू नये, मऊ सुती कापडाने टिपून घ्यावा. त्वचा किंचित ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावावं. पाणी उडून जाण्याआधी वर झाकण बसलं, की ओलावा आतच राहतो.

घराबाहेर पडताना : एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ सनस्क्रीन. एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांपासूनचं संरक्षण सांगतो. रंग काळवंडवणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हा शब्द किंवा पीए प्लसच्या खुणा पाहाव्यात. संवेदनशील त्वचेला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं मिनरल सनस्क्रीन सहसा कमी झोंबतं. त्याने सावळ्या चेहऱ्यावर पांढरट थर दिसतो, अशी तक्रार असते. टिंटेड प्रकार घेतला तर तो दिसत नाही आणि त्यातल्या आयर्न ऑक्साइडमुळे डाग गडद होण्यापासूनही थोडं संरक्षण मिळतं.

प्रमाण किती? तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर टोकापर्यंत जेवढी रेघ येईल तेवढं चेहरा आणि मानेसाठी. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. पण नुसत्या सनस्क्रीनच्या भरवशावर नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे असताना, बाहेर फिरता येत नाही. शक्यतो सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत ऊन टाळावं. छत्री, रुंद काठाची टोपी किंवा पुण्यात स्कूटीवर बांधतात तसा मऊ सुती स्कार्फ यांची साथ हवीच. त्वचा फुटलेली, ओली असेल तिथे सनस्क्रीन लावू नये, तो भाग कापडाने झाकावा.

रात्री : दिवसभराची धूळ, घाम आणि सनस्क्रीन काढण्यासाठी पुन्हा एकदा सौम्य क्लिन्झर आणि त्यावर थोडं जाड मॉइश्चरायझर. ओठांवर पेट्रोलियम जेली. ओठ कोरडे पडले की जीभ फिरवायची सवय असते, त्याने ते आणखी फुटतात.

बस. टोनर, सीरम, शीट मास्क, एक्सफोलिएटर यांची या काळात गरज नाही. रेटिनॉल, ग्लायकॉलिक अ‍ॅसिड, व्हिटॅमिन सी सीरम आधी वापरत असाल तरी आता बंद ठेवावं आणि पुन्हा कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारांसाठी राज्यभरातून, देशभरातून पेशंट येतात. त्यातले अनेक जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी किंवा नातेवाइकांच्या छोट्या खोलीत महिनोन्‌महिने राहतात. तिथे स्किनकेअरची ट्रॉली मांडायला जागाही नसते. अशा वेळी एक क्लिन्झर, एक मॉइश्चरायझर, एक सनस्क्रीन आणि दोन पातळ सुती पंचे एवढं पुरतं. पंचा मात्र पेशंटचा स्वतंत्र हवा आणि रोज धुतलेला हवा. उशीचा अभ्राही दोन-तीन दिवसांनी बदलावा. मास्क लावत असाल तर घामाने ओला झाला की लगेच बदलावा, नाहीतर नाकावर आणि गालांवर त्याचंच घर्षण होतं.

डबीवर काय वाचायचं?

दुकानात उभं राहिल्यावर सगळ्याच डब्या सौम्य असल्याचा दावा करतात. त्यामुळे पुढच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागची बारीक अक्षरं महत्त्वाची.

- ‘फ्रॅग्रन्स फ्री’ आणि ‘अनसेंटेड’ एक नाहीत. ‘अनसेंटेड’मध्ये मूळ वास दबवण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. ‘फ्रॅग्रन्स फ्री’ शोधावं.
- ‘नॅचरल’, ‘हर्बल’, ‘केमिकल फ्री’ या शब्दांनी त्वचेला काही होणार नाही याची हमी मिळत नाही. टी ट्री, लॅव्हेंडर, लिंबू, पुदिना यांची तेलं नैसर्गिकच असतात आणि संवेदनशील त्वचेला चांगलीच झोंबतात.
- असावं असं काही : ग्लिसरीन, सेरामाइड, पेट्रोलियम जेली, शिआ बटर, डायमेथिकोन.
- नसावं असं काही : अल्कोहोल डिनॅट, मेंथॉल, कापूर, सुगंध, दाणेदार स्क्रब.
- लोशन, क्रीम की मलम? लोशनमध्ये पाणी जास्त, मलमात तेल जास्त. कोकणातल्या दमट हवेत लोशन किंवा हलकी क्रीम पुरते. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या थंडीत मलमासारखं जाड काहीतरी लागतं. पुरळ असेल तर फार तेलकट थर नको.

नवीन काहीही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडंसं लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. आणि एका वेळी एकच नवीन वस्तू सुरू करावी. तीन गोष्टी एकदम सुरू केल्या आणि चेहरा लाल झाला, तर दोषी कोण हे कळणारच नाही.

बेसन, हळद, लिंबू... घरचं आहे, मग काय बिघडतं?

बेसन आणि मुलतानी माती त्वचेतलं तेल शोषून घेतात आणि वाळल्यावर ओढून काढताना वरचा थर खरवडतात. लिंबाचा रस तीव्र आम्ल आहे. तो लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन आणखी काळे डाग पडू शकतात. टूथपेस्ट, बेकिंग सोडा, कच्चा लसूण हे तर पुळ्यांवर कधीच लावू नये. ताज्या कोरफडीच्या सालीखाली पिवळसर चीक असतो, त्याने अनेकांना खाज सुटते.

हळदीबद्दल मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. २०१४ मध्ये मंगळूरमधल्या डॉक्टरांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेणाऱ्या पेशंटमध्ये हळद आणि चंदनाचं तेल असलेलं तयार क्रीम लावल्यावर त्वचेचा दाह कमी झाल्याचं त्यात दिसलं. म्हणजे हळद निरुपयोगी आहे असं नाही. पण तो ठरलेल्या प्रमाणातला, कारखान्यात बनलेला क्रीम होता आणि पेशंटवर डॉक्टरांची नजर होती. स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद वेगळी. तिच्यात रंगाची भेसळ असू शकते, डबा रोज उघडला जातो, ओला चमचा जातो. किमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना भेगाळलेल्या त्वचेवर ती चोळणं आणि तो अभ्यास, या दोन गोष्टींची तुलना होत नाही. हळदीच्या गोळ्या किंवा काढा पोटात घेण्याआधीही डॉक्टरांना विचारायलाच हवं, कारण त्याचा इतर औषधांशी संबंध येऊ शकतो.

सर्वात घातक सल्ला मात्र स्वयंपाकघरातून येत नाही. तो येतो ‘चेहरा काळा पडलाय, ही क्रीम लाव, आठ दिवसांत उजळेल’ या वाक्यातून. रंग उजळवणाऱ्या अनेक क्रीममध्ये तीव्र स्टिरॉइड असतं. ते त्वचा पातळ करतं आणि बंद केल्यावर चेहरा लालबुंद होतो. यामुळेच २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टिरॉइड क्रीमच्या विक्रीला प्रिस्क्रिप्शन सक्तीचं केलं. काही बेनामी क्रीममध्ये पारा सापडतो. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीम वापरणाऱ्यांना किडनीचे विकार झाल्याची प्रकरणं २०२३ मध्ये समोर आली होती. किमोच्या काळात किडनीवर आधीच ताण असतो.

टिकली, काजळ, थ्रेडिंग, दाढी

मेकअप करू नये असा नियम नाही. आजारपणातही आरशात आपला चेहरा ओळखीचा वाटणं ही छोटी गोष्ट नसते. फक्त काही काळजी घ्यायची.

टिकली : टिकलीच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असू शकतं. त्यामुळे कपाळावर खाज, पुरळ किंवा पांढरा डाग पडल्याची उदाहरणं भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं नोंदवली आहेत. ट्रीटमेंटच्या काळात हा धोका नको. टिकली लावायचीच असेल तर थोड्या वेळासाठी, जागा बदलून आणि झोपताना काढून ठेवून. कपाळ लाल दिसलं तर पूर्ण बंद.

काजळ आणि भुवया : पापण्या गळल्या की डोळ्यांत धूळ लवकर जाते. घरी धरलेलं काजळ आणि सुरमा नको, सुरम्यात शिसं असू शकतं. भुवया विरळ झाल्या असतील तर नवी आयब्रो पेन्सिल घ्यावी. जुना मस्कारा आणि जुने ब्रश टाकून द्यावेत, दुसऱ्याचे वापरू नयेत.

पार्लर : थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, फेशियल, पील, लेझर हे सगळं ट्रीटमेंट संपेपर्यंत थांबवावं. किमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या काळात पांढऱ्या पेशी सर्वात कमी असतात. तेव्हा दोऱ्याने पडलेला बारीकसा ओरखडाही जंतूंना दार उघडून देतो.

दाढी : वस्तऱ्याऐवजी इलेक्ट्रिक ट्रिमर. सलूनमध्ये दाढी नको. दाढीनंतर तुरटी फिरवणं आणि आफ्टरशेव्ह, दोन्ही बंद.

चेहऱ्यावर किंवा मानेवर रेडिएशन सुरू असेल तर?

तंबाखू आणि गुटख्यामुळे आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट मोठ्या संख्येने आहेत. त्यातल्या अनेकांना आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे रेडिएशन घ्यावं लागतं. त्वचेवरचा परिणाम साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसायला लागतो आणि शेवटच्या सेशननंतरही एक-दोन आठवडे वाढत राहतो. ‘ट्रीटमेंट संपली तरी त्रास वाढतोय’ म्हणून अनेक जण घाबरतात, पण तो क्रम अपेक्षितच असतो.

पुस्तकांत या दाहाचं वर्णन ‘लाली’ असं केलेलं असतं. सावळ्या किंवा गडद त्वचेवर लाली पटकन दिसत नाही. तिथे काळपटपणा, गरम लागणं, घट्टपणा आणि दुखणं या खुणा ओळखाव्यात.

- त्वचेवर खुणा केलेल्या असतील तर त्या धुऊन किंवा घासून काढू नयेत.
- कोमट पाणी, सौम्य क्लिन्झर चालतं. पाण्याचा फवारा थेट त्या जागेवर नको.
- सेशनच्या आधी क्रीमचा जाड थर नको. कोणती क्रीम, किती आणि कधी लावायची ते रेडिएशन विभागात विचारून घ्यावं.
- त्या भागावर बर्फ, गरम शेक, वाफ, बाम, चिकटपट्टी यातलं काहीही नको.
- कडक कॉलर, जड मंगळसूत्र, खरखरीत मफलर काही आठवडे बाजूला. मऊ सुती आणि सैल कपडे घालावेत.
- त्या भागाला पुढेही कायम उन्हापासून जपावं.

डॉक्टरांना लगेच कधी सांगायचं?

पुढीलपैकी काहीही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये.

- ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. किमो सुरू असताना ही इमर्जन्सी आहे, रात्र असली तरी.
- पुळ्यांमधून पू, पिवळी खपली, वाढती सूज किंवा वेदना.
- पुरळासोबत तोंडात, डोळ्यांत फोड किंवा त्वचा सोलून निघणं.
- ओठ-डोळे एकदम सुजणं, श्वास घ्यायला त्रास.
- चेहरा आणि मान अचानक सुजणं, वाकल्यावर डोकं जड होणं, विशेषतः फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये.
- चेहऱ्याच्या एकाच बाजूला आग होऊन पाण्याचे फोड येणं. ही नागीण असू शकते.

नागिणीबद्दल वेगळं सांगायला हवं. प्रतिकारशक्ती कमी झाली की कांजिण्यांचा शरीरात दबून राहिलेला विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. त्यावर विषाणूविरोधी औषध आहे आणि ते पहिल्या ७२ तासांत सुरू झालं तर उत्तम. गावाकडे अजूनही नागीण उतरवण्यासाठी मंत्र टाकतात, लेप लावतात. त्यात हेच तीन दिवस निघून जातात. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर डोळ्याला धोका असतो, तेव्हा तर एक दिवसही घालवू नये.

ट्रीटमेंट संपल्यावर चेहरा पूर्वीसारखा होतो का?

बहुतेकांच्या बाबतीत बराचसा होतो, पण शेवटच्या किमोच्या दुसऱ्या दिवशी नाही. नवी त्वचा तयार व्हायला आठवडे लागतात आणि काळपटपणा जायला महिने. त्या काळात मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन चालूच ठेवायचं. जुनी प्रॉडक्ट्स एकेक करून परत आणायची. हेअर डाय, पार्लर यासाठी डॉक्टरांचा होकार घ्यायचा.

घरच्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. भेटायला येणाऱ्याने ‘अगं, किती काळी पडलीस’ म्हणणं आणि पाठोपाठ एखादा लेप सुचवणं, यातून पेशंटच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी ओपीडीच्या यादीत एक प्रश्न वाढवून द्यावा : “चेहऱ्याला काय लावू?” भूक, झोप, उलटी यांच्यासारखाच हाही प्रश्न आहे. डॉक्टरांच्या केबिनमध्ये तो विचारायला संकोच वाटण्याचं काहीच कारण नाही.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. प्रत्येक पेशंटचं औषध आणि त्वचा वेगळी असते. कोणताही बदल करण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)